खलनायकाच्या प्रीक्वेलमध्ये त्याचं बालपण किती दाखवावं?

अर्धवट_ड्राफ्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

एका सिनेमातला खलनायक लोकांना नायकापेक्षा जास्त आवडला, तेव्हा निर्मात्यांना आता त्याची पूर्वकथा हवी आहे. मूळ पटकथा माझी नव्हती, मला प्रीक्वेलपुरतं घेतलंय. करारामुळे नाव सांगता येत नाही, पण माणूस कसा आहे ते सांगतो. जमिनी बळकावणारा. आवाज कधी चढवत नाही. ज्याला रस्त्यावर आणायचं त्याला आधी खुर्ची देतो, "बसा" म्हणतो, आणि स्वतः उभा राहतो. मूळ सिनेमात हे तीन-चारदा येतं आणि थिएटरमध्ये नुसत्या खुर्चीवर शिट्ट्या पडायच्या.

माझ्या ड्राफ्टमध्ये पहिली चाळीस मिनिटं बालपण आहे. वडील जमिनीच्या कामासाठी कचेरीत जातात. साहेब त्यांना दिवसभर उभं ठेवतो, समोर खुर्ची रिकामी असूनही कुणी बसा म्हणत नाही, शेवटी ते तिथेच कोसळतात. मुलगा दारातून बघतो. पुढे मोठा झाला की खुर्ची. निर्माते वाचून खूश झाले, "बायाबापड्या रडतील" म्हणाले. दिग्दर्शक मात्र गप्प बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी याला घाबरायचं कधी?"

तेव्हापासून अडकलोय. बालपण कमी करू? काढूनच टाकू? पण मग पूर्वकथेत उरतं काय?

निशाचर

बिनधास्त ठेव रे. २०१९ चा 'जोकर' दुसरं काय आहे? पुढे जोकर होणाऱ्या आर्थर फ्लेकचे पहिल्या सीनपासून हालच हाल. व्हेनिसला गोल्डन लायन, ११ ऑस्कर नामांकनं, वाकीन फीनिक्सला अभिनयाचं ऑस्कर आणि धंदा शंभर कोटी डॉलरच्या वर. लोकांना कारण हवं असतं. कारण दिलं की माणूस जवळचा वाटतो. तुझ्या दिग्दर्शकाला आकडे दाखव.

कात्रीवाले

मी लेखक नव्हे, संकलक. तुम्ही लिहिता, ते शूट होतं, मग माझ्याकडे येतं आणि मी कापतो. त्यामुळे टेबलवर बसून जे दिसतं तेवढंच सांगेन.

खलनायकाच्या बालपणाचे सीन सुटे पाहिले तर फार छान असतात. लहान मुलगा गोड असतो, आई सोसणारी असते, प्रकाशयोजना पिवळसर. रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, बघताना युनिटमधले दोघे-तिघे डोळे पुसतात. आणि रफ कट, म्हणजे पहिली ढोबळ जोडणी, सलग लावला की तेच सीन सगळ्यात आधी लटकतात. कारण प्रेक्षक तिकीट काढून बसलाय तो एका भयंकर माणसासाठी, आणि तुम्ही त्याला एक बिचारा दाखवताय. भीती आणि कणव एका शॉटमध्ये मावतात, पण तिथे कणव आधी येऊन बसली तर भीती बाहेरच उभी राहते. दिग्दर्शकांचा प्रश्न हाच आहे. चाळीसची वीस मिनिटं करून तो सुटणार नाही.

माणसं मारून खाणाऱ्या हॅनिबल लेक्टरचं बघा. १९९१ च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही नाही, तरी मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर त्याला. पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो? काहीही नाही. कोठडीच्या मधोमध ताठ उभा असतो. थॉमस हॅरिसच्या मूळ कादंबरीत त्याला भेटायला आलेली तपासातली पोरगी क्लॅरिस त्याच्या मुळाशी जायला बघते तेव्हा तो तिला सुनावतो की माझ्या बाबतीत काही घडलं नाही, मी घडलो. परिस्थितीची बेरीज करून मला त्यात बसवू नकोस. आणि मग याच हॅरिसने २००६ मध्ये पूर्वकथेची कादंबरी लिहिली, २००७ च्या 'हॅनिबल रायझिंग'ची पटकथाही स्वतःच लिहिली. त्यात दुसऱ्या महायुद्धातला लिथुआनिया, भुकेले लुटारू, आणि त्यांनी मारून खाल्लेली धाकटी बहीण मिशा. माणसं का खातो? हे घ्या उत्तर. वर सामुराई चिलखताचा मुखवटाही आहे, पुढे तोंडावर मुसकं बसणार त्याची आगाऊ सोय म्हणून. बेरीज करू नकोस म्हणणाऱ्याची बेरीज खुद्द त्याच्या लेखकानेच मांडली. निर्माते दिनो दे लॉरेंतिस यांनी उघड सांगितलं होतं की हॅरिसने नाही लिहिलं तर दुसऱ्याकडून करून घेऊ, त्यामुळे हॅरिसला फार दोष देववत नाही. (हे तुमच्या निर्मात्यांना सांगू नका, युक्ती आवडायची.)

तुमची खुर्ची हे तुमचं मुसकं आहे. अशा पूर्वकथांना एक खोड असते, मूळ सिनेमातल्या प्रत्येक वस्तूचा जन्मदाखला काढायचा. कोट कुठून आला, व्रण कसा पडला, नाव कुणी ठेवलं. डाल्मेशियन कुत्र्यांची कातडी हवी असणाऱ्या बाईची पूर्वकथा, २०२१ चा 'क्रुएला', त्यात तर डाल्मेशियन कुत्री तिच्या आईला कड्यावरून खाली पाडतात! एमा स्टोन मस्त आहे, जेनी बीव्हनच्या कपड्यांना ऑस्कर मिळालं ते रास्तच, पण त्या कड्यापाशी मी हसलो. हसायची जागा ती नव्हती.

आता उलटं उदाहरण. १९७४ चा 'गॉडफादर'चा दुसरा भाग. माफिया डॉन व्हिटो कॉर्लिऑन रूढ अर्थाने खलनायक नाही हे मान्य, पण गुन्हेगाराची पूर्वकथा म्हणून त्याच्याइतकी चांगली मला दुसरी सापडत नाही. जखम तिथेही आहेच: सिसिलीत डॉन चिचोने बाप मारला, भाऊ मारला, मुलाच्या डोळ्यांदेखत आई मारली. पण ते सगळं सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकतं आणि दिग्दर्शक कोपोला पुढे निघतो. तो वेळ कशाला देतो? न्यूयॉर्कमधल्या फानुची नावाच्या खंडणीखोराच्या खुनाला, व्हिटोच्या हातून. खाली रस्त्यावर उत्सवाची मिरवणूक, वर छपरांवरून व्हिटो त्याच्या समांतर चालतोय. जिन्यातला दिवा आधीच सैल करून ठेवलाय. पिस्तुलाभोवती टॉवेल गुंडाळलाय, आवाज दबावा म्हणून. गोळी सुटते आणि टॉवेल पेट घेतो. हे त्याच्या हिशेबात नव्हतं! एक क्षण तो नवशिका दिसतो, हात झटकून आग विझवतो. आणि मग छपरावर जाऊन पिस्तुलाचे तुकडे करतो, वेगवेगळ्या धुराड्यांत टाकतो, खाली येतो आणि पायरीवर बसून आपल्या तान्ह्या मुलाला, मायकेलला, मांडीवर घेतो.

या सगळ्यात 'तो असा का झाला' याचं एक अक्षर नाही. तो हे काम कसं शिकला ते आहे. कुठे चुकला, कुठे सावरला, आणि सावरल्यावर त्याला स्वतःबद्दल काय कळलं. 'का' दाखवलंत तर प्रेक्षक माफ करून मोकळा होतो. 'कसं' दाखवलंत तर तो त्या माणसाबरोबर छपरावरून चालतो, टॉवेल पेटला की त्याचाही जीव वर येतो, आणि नंतर त्याच्या लक्षात येतं की आपण खून नीट पार पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. भीती इथे येते. स्वतःची येते.

'स्टार वॉर्स'च्या खलनायकाचं, डार्थ व्हेडरचंही तेच. १९९९ मध्ये लुकसने तो नऊ वर्षांचा गुलाम मुलगा, अनाकिन, असताना दाखवला, आईपासून ताटातूट दाखवली. पण मला विचाराल तर त्या तिन्ही सिनेमांत व्हेडर जन्मतो २००५ च्या भागातल्या ऑपेरात. त्याला बिघडवणारा पॅल्पटीन तरुण अनाकिनला शेजारी बसवतो, बाकीच्यांना घालवून देतो आणि एक गोष्ट सांगतो, मरणाला रोखू शकणाऱ्या कुणाची तरी. तलवार नाही, पाठलाग नाही. दोन माणसं बसून समोरचा खेळ बघताहेत आणि त्यातला एक दुसऱ्याला विकत घेतोय. (बघा, तिथेही बसवतोच.)

निशाचर, 'जोकर'च्या आकड्यांबद्दल वाद नाही. पण २००८ च्या 'द डार्क नाइट'मधला हीथ लेजरचा जोकर आठवा. तोंडावरच्या व्रणांची गोष्ट तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी. एकदा बाप, एकदा बायको. दुसरी सुरू झाली की पहिली खोटी होती हे कळतं, आणि पोटात खड्डा पडतो. तिथे कारणाचंच त्याने हत्यार केलंय.

अर्धवट, तुम्हाला माझा एकच प्रश्न. कचेरी राहू दे बाजूला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खुर्ची दिली, तेव्हा नेमकं काय झालं?

चहाटळ

मंडळी, तुम्ही आपल्या तात्या विंचूला विसरताय. १९९३, 'झपाटलेला'. दिलीप प्रभावळकर, मृत्युंजय मंत्र, गोळी, बाहुला, ओम फट् स्वाहा. पूर्वकथा आटोपून महेश कोठारे लक्ष्याकडे वळलेसुद्धा! तात्याच्या बालपणी कुणी त्याचं खेळणं हिसकावलं होतं का, हे आजतागायत एकाही प्रेक्षकाने विचारलेलं नाही.

गब्बरलाही कुणी विचारलं नाही. 'शोले'त खडकावरून घसटत जाणारा पट्टा ऐकू येतो, तेवढा पुरतो.

सायंतारा

कात्रीवाले, तुमचं टॉवेलचं वर्णन आवडलं, पण 'जखम दाखवू नका' हा सरसकट नियम मला मान्य नाही. जखम कुणाची आणि आधी किती लपवली गेली होती, यावर ते अवलंबून आहे.

२०१४ चा 'मॅलेफिसंट' घ्या. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त ती बारशाचं आमंत्रण नाही म्हणून तान्ह्या पोरीला शाप देते. म्हणजे काय, बाई चिडली, मानापमान झाला, संपलं. पुरुष खलनायकाला निदान राज्य हवं असतं, बाईला आमंत्रण! नव्या सिनेमात तिचा एकेकाळचा जिवलग स्टीफन तिला गुंगीचं पाजतो आणि झोपेत तिचे पंख कापून नेतो. सकाळी ती उठते, पाठीकडे हात नेते आणि तिथे काही नसतं. अँजेलिना जोलीने स्वतः सांगितलंय की हा प्रसंग बलात्काराचं रूपक म्हणूनच रचला होता. तो सीन बघताना माझ्या शेजारच्या पोरी चिडीचूप होत्या. तो कापला असता तर सिनेमात काय उरलं असतं? शिंगं आणि गालाची हाडं.

तेव्हा 'का' वाईट नसतो, फुटकळ 'का' वाईट असतो.

वॉर्डातला

थोडं अवांतर. मनोरुग्णांबरोबर काम करतो म्हणून राहवत नाही. कारण द्यायचंच असेल तर कृपा करून 'डोक्यावर परिणाम झाला' हे देऊ नका. आर्थर फ्लेकच्या खिशात कार्ड असतं, माझं हसू हा आजार आहे असं सांगणारं. बसमध्ये तो ते त्या बाईच्या हातात देतो तो क्षण मला सिनेमातला सगळ्यात खरा वाटला. पण पुढे औषधं बंद होतात आणि तो माणसं मारतो, हा सांधा बघून माझ्याकडे येणारे नातेवाईक घाबरतात. माझ्या वॉर्डातली माणसं मार देण्यापेक्षा मार खाऊन आलेलीच जास्त असतात.

धागाकर्त्याच्या गोष्टीत हे नाही, ते बरंच आहे.

कात्रीवाले

सायंतारा, पंखांचा सीन मी फ्रेमसुद्धा न कापता ठेवला असता. पण तो सिनेमा पुढे कुठे जातो बघा. शापातून ऑरोराला उठवणारं चुंबन मॅलेफिसंटचं असतं. राजा स्टीफन खलनायक ठरतो, ती सुटते. म्हणजे त्यांनी जुनी गोष्टच मोडून नवी मांडली. जखम मोठी दाखवायची तर शेवटही बदलायची मुभा हवी. अर्धवटकडे ती नाही. त्याच्या माणसाला पूर्वकथा संपताना मूळ सिनेमाच्या दारात, हातात खुर्ची घेऊन, तितकाच थंड उभा राहायचंय. बापाचं कोसळणं एवढं मोठं करून ठेवलं तर शेवटच्या रिळात तो थंडपणा कुठून आणणार?

'फुटकळ का' हा शब्द मात्र ढापतोय.

वॉर्डातला, बसचा तो क्षण मलाही आवडतो. आणि गंमत म्हणजे तिथेही 'का' नाहीच. कार्ड देणं ही त्याची जगण्याची पद्धत आहे, रोजची.

अर्धवट_ड्राफ्ट

सगळ्यांचे आभार. कात्रीवाल्यांच्या प्रश्नाने झोप उडवली. दोन रात्री वही घेऊन बसलो आणि हे आलं. कच्चं आहे, बिनधास्त फाडा.

तो पंचविशीचा आहे. एका सावकाराकडे वसुलीला. अजून आरडाओरडा करणारा, शिव्या देणारा, आणि कामात अगदीच सुमार. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे कागदावर सही घ्यायला गेलाय. म्हातारा दारात उभा राहून त्याच्या दुप्पट आवाजात भांडतोय, शेजारी जमलेत, आपल्या माणसाची फजिती चाललीय. भांडता भांडता म्हाताऱ्याचा गुडघा धरतो, तो भिंतीला टेकतो. आपला माणूस सवयीने, खरोखर काळजीने, ओसरीवरची खुर्ची पुढे ओढतो. "बसा." म्हातारा बसतो.

आणि बसल्यावर म्हाताऱ्याला बोलण्यासाठी मान वर करावी लागते. आवाज आपोआप खाली येतो. शेजाऱ्यांनाही आता भांडण दिसत नाही, एक म्हातारा आणि त्याच्यासमोर आदबीने उभा असलेला तरुण दिसतो, म्हणून एकेक जण पांगतो. आपला माणूस हे सगळं बघतो. पुन्हा बोलतो तेव्हा हळू बोलतो. सही होते.

मग तो बाहेर येतो, वळून खुर्चीकडे बघतो आणि हसतो.

कचेरी पूर्ण काढलेली नाही. वडिलांच्या वाट्याला एक ओळ आली आहे, तीही दुसऱ्याच्या तोंडी.

निशाचर

अरे हे भारी आहे. मी आकडे मागे घेत नाही, पण हे भारी आहे.

सायंतारा

'खरोखर काळजीने' हे सोडू नकोस! नट तिथे थोडा जरी धूर्त दिसला तर सगळं मुसळ केरात. पहिली खुर्ची चांगुलपणाने दिलेली असली पाहिजे. म्हणजे तुझा 'का' न सांगता आला, आणि मला अगदी पुरेसा आहे.

कात्रीवाले

झालं की तुमचं काम. आता कात्री.

शेवटचा शॉट जाणार. वळून बघणं आणि हसणं, दोन्ही. प्रेक्षकाला खुर्ची कळली आहे, तुम्ही पुन्हा बोट दाखवू नका. सही झाली की थेट पुढच्या सीनला कट. दुसरं घर, दुसरा माणूस, आणि हा आत शिरतो तोच इकडेतिकडे बघत. काय शोधतोय ते सांगू नका.

शेजारी पांगतात ते मात्र घाईने नको. दिग्दर्शकांना सांगा, त्याचे वेगळे शॉट घेऊन ठेवा, एकेक माणूस निघतानाचे. मला टेबलवर ते लागतील. सीनची खरी भीती तिथेच आहे. म्हाताऱ्याच्या बाजूची माणसं जाताहेत, आणि त्यांना वाटतंय की भांडण मिटलं.

वडिलांची ती ओळ कुणाच्या तोंडी आहे?

अर्धवट_ड्राफ्ट

सावकाराच्या. "तुझा बापही असाच, उभ्या उभ्याच बोलायचा." एवढंच.

कात्रीवाले

ठेवा. पण खुर्चीच्या सीनच्या आधी, बरंच आधी. नंतर आली तर ती खुलासा होईल.

चहाटळ

तरुणपणीच्या भूमिकेला कोण घेताय? मूळ नटाची हुबेहूब नक्कल करणारा आणू नका म्हणजे मिळवली. दोन तास मिमिक्री बघवत नाही.

कात्रीवाले

हे बाकी खरं. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात तरुण व्हिटो करताना डी नीरोने पहिल्या भागातल्या म्हाताऱ्या व्हिटोचा, ब्रँडोचा, तो घोगरा आवाज थोडासा घेतला आणि बाकी माणूस स्वतःचा उभा केला. एकाच भूमिकेसाठी दोघांनाही ऑस्कर मिळालं, ब्रँडोने नाकारलं ही गोष्ट वेगळी. तुमच्या पोराला मूळ सिनेमातून एकच गोष्ट उचलू दे, 'बसा' म्हणतानाचा आवाज. तोही पहिल्या खुर्चीला नको, तिथे तो त्याच्या स्वतःच्याच आवाजात म्हणू दे. तिसऱ्या-चौथ्या खुर्चीपर्यंत हळूहळू तिकडे सरकवा.

अर्धवट_ड्राफ्ट

म्हणजे एकूण चार खुर्च्या होतात. निर्मात्यांची मीटिंग सोमवारी आहे, "रडायचं कुठे?" हे ते विचारणारच. म्हाताऱ्याच्या सहीवर बोट ठेवेन म्हणतो.